छेदाविना शोध : कर्करोगाचा गाठींतील प्रसार आणि त्याची चित्रे

(खापा, जिल्हा नागपूर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घरात कर्करोगाचे निदान होते त्या घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न, रोग पसरला आहे काय? आणि दुसरा, तो पसरला आहे किंवा नाही हे शरीराला छेद न देता, केवळ यंत्राच्या साहाय्याने सांगता येणार नाही काय? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याने कोणत्या उपचाराला संमती द्यावी हे अवलंबून असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

हा विषय मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा आहे, त्याचा खाप्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. नागपूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेले हे गाव विणकरांचे गाव म्हणून ओळखले गेले. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे आणि सावनेर तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत. माग असो, खाण असो वा बाग असो, श्रम करणाऱ्या माणसाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आढळते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला हा खर्रा विदर्भाच्या घराघरांत शिरला आहे. २०१६-१७ मधील राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे एक-चतुर्थांश प्रौढ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले, आणि त्यांपैकी बहुतेकांची तंबाखू धुराची नसून तोंडात धरण्याची होती. नागपूर परिसरातील पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, त्याचे मूळ येथे आहे. आणि तोंडाचा कर्करोग पसरतो तेव्हा तो बहुधा प्रथम मानेतील गाठींत जातो. म्हणून मानेच्या गाठींचे चित्र कसे काढतात, ते काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे समजून घेणे या तालुक्याच्या हिताचे आहे.

गाठ म्हणजे काय?

पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसीका-ग्रंथी होय. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकेच्या अतिशय नाजूक वाहिन्यांचे जाळे पसरलेले आहे. ऊतींमधून पाझरणारा द्रव या वाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात. शरीरात अशा शेकडो ग्रंथी असून त्यांचा मोठा वाटा एकट्या मानेत आहे.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. येणारा प्रत्येक माल तेथे तपासला जाई. लसीका-ग्रंथीचे काम असेच आहे. जंतू, मृत पेशी किंवा परके कण लसीकेबरोबर आले की ग्रंथीतील पेशी त्यांना अडवितात. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटल्या की त्याही याच वाटेने निघतात आणि पहिल्या नाक्यावर अडकतात. दुर्दैव असे की, पुष्कळदा अडकलेली पेशी तेथे नष्ट न होता वाढू लागते. नाकाच चोराच्या ताब्यात जावा तसा हा प्रकार होतो.

तोंडाच्या कर्करोगात मानेतील ग्रंथींत रोग पोहोचला की रुग्ण बरा होण्याची शक्यता सुमारे निम्म्यावर येते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात ओटीपोटातील ग्रंथी यांना असेच महत्त्व आहे. शस्त्रक्रिया किती मोठी करावयाची, त्यानंतर किरणोपचार द्यावयाचे की नाही, औषधे कोणती द्यावयाची, हे सारे निर्णय ग्रंथींच्या स्थितीवरून घेतले जातात.

हात, ध्वनी, किरण आणि चुंबक

ग्रंथी तपासण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे वैद्याचा हात. अनुभवी हाताला पुष्कळ समजते. परंतु एक सेंटिमीटरपेक्षा लहान, खोलवर दडलेली ग्रंथी हाताला लागत नाही. ओटीपोटातील ग्रंथींपर्यंत तर हात पोहोचतच नाही.

१८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीराचे अंतरंग छेदाविना पाहण्याचे युग सुरू झाले. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात हाडे स्पष्ट दिसत, मऊ ऊती दिसत नसत. १९७१ मध्ये लंडन येथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडव्या छेदांचे चित्र घेतले. हेच सी. टी. स्कॅन होय. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास ध्वनिलहरींवर चालणारी सोनोग्राफी रुजली, आणि पुढे प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारे एम. आर. आय. यंत्र आले. त्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या तिन्ही साधनांचे गुण वेगवेगळे आहेत. सोनोग्राफी स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सार नाही आणि ती तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. मान आणि काख या उथळ भागांसाठी ती विशेष उपयुक्त आहे. निरोगी ग्रंथी तिच्यात लांबट दिसते आणि मध्यभागी चरबीचा उजळ पट्टा दिसतो. रोगग्रस्त ग्रंथी बहुधा गोल होते आणि तो पट्टा नाहीसा होतो. सी. टी. स्कॅन व एम. आर. आय. खोलवरच्या ग्रंथी दाखवतात आणि मूळ गाठीचा विस्तारही सांगतात.

तथापि तिन्ही साधनांची मर्यादा एकच आहे. ती मुख्यतः आकार आणि ठेवण पाहतात. मानेतील ग्रंथीची रुंदी सुमारे १० मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर तिच्याविषयी संशय घ्यावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु दातांच्या किडीमुळेही ग्रंथी मोठी होते, आणि ६ मिलिमीटरच्या लहानशा ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात. मोठी ती रोगट आणि लहान ती निरोगी, हा हिशेब म्हणून दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

अशा वेळी सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईने ग्रंथीतील काही पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, अशी एक समजूत गावोगावी आढळते. मानेतील ग्रंथीच्या या बारीक सुईच्या तपासणीबाबत ती समजूत निराधार आहे. तिच्यामुळे तपासणी टाळणारे रुग्ण मात्र मोलाचा काळ गमावतात.

पेशींची भूक पाहणारे यंत्र

आकाराऐवजी पेशींचे कार्य पाहता आले तर? या विचारातून पेट स्कॅन निर्माण झाले. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यासाठी साखर अधिक प्रमाणात ओढून घेतात. फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी समस्थानिकाने चिन्हांकित केलेली साखर रुग्णाच्या शिरेतून देतात. सुमारे तासाभराने यंत्राखाली निजविले असता ज्या ठिकाणी ही साखर अधिक जमा झाली असेल तो भाग चित्रात उजळून दिसतो. याच यंत्राला सी. टी. जोडले की उजळलेला ठिपका नेमका कोणत्या ग्रंथीत आहे हेही कळते.

फ्लोरिन-१८ ची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते. म्हणून हा पदार्थ साठवून ठेवता येत नाही. तो सायक्लोट्रॉन यंत्रात तयार करून त्याच दिवशी वापरावा लागतो. आपल्या देशात या कामाचा आरंभ मुंबईत झाला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. परळ येथील किरणोत्सारी वैद्यक केंद्रात २००२ मध्ये वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र सुरू झाले. त्यापाठोपाठ २००४ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात पेट-सी. टी. यंत्र आले. आता नागपुरातही ही तपासणी होते.

परंतु या यंत्रालाही दोन गोष्टी चकवितात. पहिली गोष्ट क्षयरोग. आपल्याकडे मानेतील गंडमाळ पुष्कळदा क्षयाची असते. क्षयाशी झुंजणाऱ्या पेशीही भरपूर साखर ओढतात आणि ती ग्रंथी कर्करोगासारखीच उजळते. म्हणून पेट स्कॅनमध्ये ग्रंथी उजळली एवढ्यावरून कर्करोग पसरला असे मानू नये. शंका असेल तेथे सुईची तपासणी करावीच लागते. दुसरी गोष्ट रोगाच्या ठिपक्याचा लहानपणा. दोन मिलिमीटरपेक्षा लहान असा पेशींचा पुंजका ग्रंथीत असेल तर तो उजळून दिसण्याइतकी साखर ओढू शकत नाही. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोग

या वाक्याला किती किंमत आहे ते आपल्याच राज्यातील एका संशोधनाने जगाला दाखवून दिले. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत सुरू झाले. १९६२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. तोंडाच्या कर्करोगाचे असंख्य रुग्ण तेथे येतात. त्या शल्यवैद्यांपुढे एक जुना वाद होता. तोंडातील गाठ लहान आहे, मानेत हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथीही काढाव्यात, की रुग्णावर नजर ठेवून पुढे ग्रंथी वाढल्यास मगच काढाव्यात?

दोन्ही पक्षांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. मानेतील ग्रंथी काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यवैद्य जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये वर्णिली. तिच्या मूळ स्वरूपात ग्रंथींबरोबर स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी मज्जाही काढली जाई. ज्याचे पोट हातावर आहे त्याला खांदा लुळा पडणे म्हणजे काय, हे माग चालविणाऱ्यांना सांगावयास नको. आज ही शस्त्रक्रिया पुष्कळ मर्यादित स्वरूपात करतात आणि ती मज्जा जपतात. तरीही ज्या दहांपैकी सातांच्या ग्रंथींत काहीच नसते त्यांची मान विनाकारण का उघडावी, असा एका पक्षाचा प्रश्न होता. उरलेल्या तिघांचे काय, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न होता.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद प्रयोगाने सोडविण्याचे ठरविले. २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण त्यात सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात तोंडाबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात रोग मानेत प्रकट झाल्यावरच काढल्या. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९.५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५.९ टक्के होते. शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम पहिल्या गटात ६.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.६ टक्के रुग्णांत आढळले. सरळ हिशेब करावयाचा तर, मानेतील ग्रंथी वेळीच काढलेल्या दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव अधिक वाचला.

याचा अर्थ असा की, पहिल्या गटात ज्यांच्या ग्रंथींत रोग दडला होता त्यांचा तो रोग न दिसताच काढला गेला. दुसऱ्या गटात तो दिसेपर्यंत थांबावे लागले, आणि दिसला तेव्हा तो पुष्कळदा पुढच्या पायरीवर गेलेला होता. म्हणून आज शल्यवैद्य जेव्हा सांगतात की, सोनोग्राफीत काही दिसत नसले तरी मानेतील ग्रंथी काढणे इष्ट आहे, तेव्हा ते पैशासाठी किंवा अज्ञानामुळे तसे सांगत नाहीत. त्यांच्या सांगण्यामागे आपल्याच राज्यातील शेकडो रुग्णांचा अनुभव उभा आहे. ‘मशीनमध्ये काही नाही, मग मान कशाला कापता?’ असा प्रश्न करून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक अनेक असतात. त्यांना हे समजावून सांगणारा माणूस गावातच असला पाहिजे.

चित्राने शस्त्र टाळले ती उदाहरणे

मग चित्रांचा उपयोग मर्यादितच आहे काय? तसे मुळीच नाही. योग्य ठिकाणी चित्राने शस्त्रक्रिया सुरक्षितपणे टाळता येते, हेही प्रयोगांनीच सिद्ध झाले आहे.

ब्रिटनमध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५६४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या मानेतील ग्रंथींत रोग मोठ्या प्रमाणावर पसरलेला होता आणि त्यांना किरणोपचार व औषधे दिली गेली होती. एका गटाची मानेची शस्त्रक्रिया या उपचाराआधी किंवा उपचारानंतर, पूर्वनियोजनाप्रमाणे केली. दुसऱ्या गटाचे उपचारानंतर सुमारे तीन महिन्यांनी पेट-सी. टी. करून ज्यांच्यात रोग शिल्लक असल्याची शंका आली त्यांचीच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, तर दुसऱ्या गटात केवळ ५४. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ८४.९ टक्के होते. दीडशेहून अधिक रुग्णांची मान वाचली आणि जीवितास अधिक धोका झाला नाही.

स्तनाच्या कर्करोगात असाच एक प्रयोग इटली, स्वित्झर्लंड, स्पेन आणि चिली या देशांत झाला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी निर्दोष, अशा १,४०५ स्त्रियांपैकी एका गटाच्या काखेतील पहिल्या ग्रंथी काढून तपासल्या. दुसऱ्या गटात काखेला हातही लावला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर दूरच्या अवयवांत रोग न पसरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९७.७ आणि ९८ टक्के होते. म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच.

एकाच प्रकारच्या चित्रावर एका ठिकाणी विसंबता येते आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, असे का? कारण प्रत्येक कर्करोगाचा स्वभाव वेगळा आणि त्याचे पुढील उपचार वेगळे. लहान गाठीच्या स्तनकर्करोगात काखेत सूक्ष्म रोग राहिला तरी त्यानंतर दिली जाणारी औषधे व किरणोपचार त्याचा बहुधा बंदोबस्त करतात. तोंडाच्या लहान गाठीत पुष्कळदा शस्त्रक्रिया हाच एकमेव उपचार असतो. मानेत राहिलेल्या रोगावर दुसरा पहारा नसतो. यास्तव, शेजारणीची काख न उघडता ती बरी झाली म्हणून माझीही मान उघडू नका, हा युक्तिवाद टिकत नाही.

नव्या वाटा

सूक्ष्म रोगही छेदाविना दिसावा यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत. त्यांपैकी एक कल्पक प्रयत्न लोहाच्या कणांचा आहे. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले की निरोगी ग्रंथीतील भक्षक पेशी ते गिळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या एम. आर. आय. चित्रात ती ग्रंथी काळी दिसते. ज्या भागात कर्करोग आहे तेथे भक्षक पेशी नसतात, म्हणून तो भाग उजळच राहतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवर केलेल्या अशा तपासणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या एम. आर. आय. ने रोगग्रस्त ग्रंथींपैकी ३५.४ टक्के ओळखल्या, तर लोहकणांच्या साहाय्याने ९०.५ टक्के ओळखल्या गेल्या. विशेष म्हणजे रोगग्रस्त ६३ ग्रंथींपैकी ४५ ग्रंथी नेहमीच्या निकषांनी संशयास्पद ठरल्याच नसत्या. ही पद्धत अद्याप सार्वत्रिक वापरात आलेली नाही. पण आकाराऐवजी कार्य पाहावे, हा तिचा धडा मोलाचा आहे.

प्रोस्टेटच्याच कर्करोगासाठी आता पेशींच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. ऑस्ट्रेलियातील ३०२ रुग्णांवरील २०२० मधील निष्कर्षांनुसार या पद्धतीची अचूकता ९२ टक्के, तर सी. टी. व हाडांच्या स्कॅनची मिळून ६५ टक्के होती. ही तपासणी भारतातही होते.

आपण काय करावे?

आता आपणां सर्वांच्या कर्तव्याकडे वळतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि शासकीय कर्मचारी हे गावाचे कान आणि डोळे आहेत. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, किंवा मानेत टणक व न दुखणारी गाठ तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिली असेल, तर रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. दुखत नाही म्हणून धोका नाही, ही समजूत घातक आहे. नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय दंत महाविद्यालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था अशा सोयी आहेत. मुंबईला जाण्याआधी या दारांवर जावे.

दुसरी गोष्ट, रुग्णाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : ही तपासणी कशासाठी? तिच्या उत्तराने उपचारात काय बदल होईल? आणि काहीच दिसले नाही तर पुढे काय? ज्या तपासणीच्या उत्तराने उपचार बदलणार नसेल तिच्यासाठी शेत गहाण टाकू नये. आणि जी तपासणी उपचार ठरविणार आहे ती खर्चाच्या भीतीने टाळूही नये.

तिसरी गोष्ट, पेट स्कॅनला जाताना डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे काही तास उपाशी राहावे, पाणी मात्र प्यावे. मधुमेह असल्यास आधी सांगावे, कारण रक्तातील साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडते. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर तोही सांगावा. स्त्री गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर ते सांगणे अत्यावश्यक आहे. तपासणीनंतर काही तास लहान मुलांना जवळ घेऊ नये. एम. आर. आय. करताना शरीरात धातूची वस्तू किंवा हृदयाचे यंत्र बसविले असल्यास सांगावे. पूर्वीची सर्व चित्रे व अहवाल एका पिशवीत जपून ठेवावेत. जुने चित्र शेजारी ठेवल्यावाचून नव्या चित्राचा अर्थ पुष्कळदा लागत नाही.

चौथी गोष्ट खर्चाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणत्या तपासण्या योजनेत बसतात हे तपासणी करण्यापूर्वी त्यांच्याकडून समजून घ्यावे आणि शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर न्यावे. कागद तयार करून देणे, सोबत माणूस देणे, एवढे काम पंचायतीने केले तरी अर्धा भार हलका होतो.

पाचवी आणि शेवटची गोष्ट शिक्षकांसाठी. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. जो मुलगा आठवीत पहिला खर्रा खातो तोच पुढे चाळिशीत मानेचे चित्र काढण्यासाठी रांगेत उभा राहतो. शाळेच्या आवाराजवळची तंबाखूविक्री हटविणे हे पंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या हाती आहे, आणि मुलांच्या मनातून तिची प्रतिष्ठा काढून टाकणे हे शिक्षकांच्या.

मित्रहो, विज्ञानाने शरीराच्या आत डोकावण्याच्या खिडक्या उघडल्या आहेत. त्यांतून दिसते त्यावर विश्वास ठेवावा, दिसत नाही त्याविषयी सावध असावे, आणि या दोहोंमधील अंतर किती आहे ते जाणकार वैद्याकडून समजून घ्यावे. यंत्राला देव मानणारा आणि यंत्राला फसवणूक मानणारा, दोघेही रुग्णाचे नुकसान करतात. खाप्यासारख्या गावातील सुशिक्षित मंडळींनी या दोहोंच्या मधला मार्ग आपल्या शेजाऱ्यांना दाखविला, आणि एक जरी रुग्ण वेळेवर नागपूरला पोहोचला, तरी आजच्या सभेचे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.